आधी जमिनीचे कागदावरचे नाव शोधा: इंदूरभोवतीचे माळ, तलाव आणि रान वाचवण्यासाठी नागरिकांनी काय करावे

आमच्या पहिल्या अर्जाचे उत्तर सव्वा महिन्याने आले आणि त्यात एकच ओळ होती: ‘उक्त खसरा क्रमांक अभिलेख में उपलब्ध नहीं है.’ महूच्या बाजूच्या एका सरकारी माळावर रात्री मुरूम खोदला जातो, अशी ती तक्रार होती. सोबत छायाचित्रे होती, तारखा होत्या, तीसेक सह्याही होत्या. मात्र गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारून आम्ही जो खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) लिहिला होता, तो काही वर्षांपूर्वीच बटांकन होऊन तीन तुकड्यांत विभागला गेला होता आणि मूळ क्रमांक नोंदीतून गेला होता. कार्यालयाने कायद्याला धरूनच उत्तर दिले होते. चूक आमची होती आणि तोवर माळाचा एक कोपरा खचून खड्डा झाला होता. तेव्हापासून असे काम सुरू करू इच्छिणाऱ्या कोणालाही मी हेच सांगतो की सह्या, फलक, वर्तमानपत्रे हे सगळे नंतर. आधी त्या जमिनीचे कागदावरचे नाव शोधावे.

सार्वजनिक जमीन बहुतेक वेळा जेसीबी येण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या आदेशातल्या शब्दाने जाते. ज्या माळावर पावसाळ्यात कमरेइतके गवत वाढते, त्याला दफ्तरात ‘पडत’ म्हटले की तो रिकामा ठरतो, आणि रिकाम्या जमिनीसाठी कोणाला ना कोणाला काहीतरी सुचतेच. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यातला मोठा भाग कागदाविषयी आहे. पक्षी, झाडे आणि आंदोलने यांविषयी ज्यांना ओढ आहे त्यांना तो रूक्ष वाटेल, पण त्याला इलाज नाही.

जागा एकच निवडावी

संपूर्ण माळव्याचे पर्यावरण वाचवायला निघालेली मंडळी साधारणपणे दुसऱ्या बैठकीनंतर दिसत नाहीत. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची एक जागा निवडावी, जिथे महिन्यातून दोनदा जाणे खरोखर जमेल. सुदामानगरच्या माणसाला सिरपूर तलाव जवळचा, महूच्या माणसाला चोरल आणि पाताळपाणीचा डोंगरउतार जवळचा, तर एखाद्या गावाला आपली चरनोई, म्हणजे गुरे चारण्याची जमीनच, सर्वांत जवळची. सिरपूरचे उदाहरण इंदूरकरांच्या डोळ्यांसमोर आहे. होळकरांच्या काळात बांधलेला हा तलाव अतिक्रमण आणि उपेक्षेने पार उतरणीला लागला होता. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एकाच तलावावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, आणि 2022 मध्ये सिरपूरला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी गंभीर नदीवरचा यशवंत सागरही त्या यादीत आला. इतकी वर्षे एका जागेला देण्याची तयारी नसेल तर निदान तीन वर्षांची तरी ठेवावी, कारण सरकारी पत्रव्यवहाराचा वेग लक्षात घेता त्याहून कमी काळात काही हाती लागणे कठीण आहे.

निवड करताना एक सावधगिरी हवी. आपल्याकडे हिरवे म्हणजे झाडे, असा समज फार घट्ट आहे. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून अधिक रोपे लावून या शहराने जागतिक विक्रम केला, आणि त्यानंतर कोणतीही उघडी जमीन दिसली की तिथे रोपे लावण्याची सूचना येतेच. परंतु माळव्याचे गवताळ बीड हे स्वतःच एक पूर्ण रान आहे. रतलाम जिल्ह्यातील सैलाना आणि धार जिल्ह्यातील सरदारपूर ही दोन अभयारण्ये 1983 मध्ये खरमोरासाठी (मराठीत तणमोर) स्थापन झाली, आणि खरमोर हा गवताचा पक्षी आहे. पावसाळ्यात गवत गुडघाभर झाले की नर गवताच्या वर उसळी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसभरात तो कित्येकदा असे करतो. त्या माळावर दाट झाडी उभी केली तर त्याला उडी मारायलाही जागा राहत नाही आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. म्हणून ‘इथे झाडे लावा’ ही मागणी लिहिण्यापूर्वी, तिथे आधीपासून काय आहे हे एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हिवाळा पाहून ठरवावे.

कागद कसे वाचावेत

मध्य प्रदेशाच्या भूलेख संकेतस्थळावर गाव निवडून खसरा आणि नकाशा पाहता येतो. आधी भ्रमणध्वनीवर जागेच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टिपावेत, मग नकाशावर तो तुकडा ओळखावा आणि त्यानंतरच क्रमांक लिहावा. गावकऱ्यांच्या तोंडी असलेला क्रमांक हा केवळ सुगावा समजावा. खसऱ्यात भूमिस्वामीच्या जागी ‘शासकीय’ असेल, तर पुढे जमिनीचा मद, म्हणजे नोंदीतला प्रकार, कोणता आहे ते पाहावे. तिथे ‘चरनोई’, ‘घास बीड’, ‘पहाड़-चट्टान’, ‘नाला’, ‘पानी के नीचे’, ‘छोटे झाड़ का जंगल’ किंवा ‘बड़े झाड़ का जंगल’ असे शब्द आढळतील. आपल्या कामाला हेच शब्द लागतात. शेवटच्या कैफियत स्तंभात पट्टा, अतिक्रमण किंवा न्यायालयीन प्रकरण यांची नोंद असते. पुष्कळ लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत.

‘छोटे झाड़ का जंगल’ आणि ‘बड़े झाड़ का जंगल’ या नोंदींचे महत्त्व वेगळे आहे. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी असे ठरवले की ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ घ्यावा, आणि सरकारी नोंदीत वन म्हणून दाखवलेली जमीन मालकी कोणाचीही असली तरी वन संरक्षण कायद्याच्या कक्षेत धरावी. 2023 च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आखडली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने जुनीच व्याख्या तूर्त चालू ठेवली. म्हणजे ज्या टेकडीवर वन विभागाचा एकही फलक नाही, जी महसुलाच्या ताब्यात आहे, तिच्यावरही केंद्राच्या परवानगीशिवाय खाण किंवा वसाहत येऊ शकत नाही, असा युक्तिवाद केवळ या तीन-चार शब्दांच्या नोंदीवर उभा करता येतो.

आजच्या खसऱ्यावर मात्र थांबू नये. जमिनीचा मद मध्येच बदलला गेला असेल, तर ते जुन्या नोंदींशिवाय कळत नाही. इंदूर भागात यासाठी होळकर संस्थानाच्या काळातील, साधारणपणे 1925-26 च्या, मिसल बंदोबस्ताची (त्या काळच्या जमीनमोजणीच्या मूळ नोंदींची) नक्कल मागतात आणि तिची आजच्या खसऱ्याशी तुलना करतात. जे तेव्हा तलाव होते ते आज भूखंड झालेले असेल, तर मधल्या काळात कोणत्या आदेशाने ‘मद परिवर्तन’ झाले, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो. त्याहून जुनी काही दफ्तरे मोडीत आहेत. ज्या घरी मोडी वाचणारे आजोबा अजून आहेत, त्यांनी हे काम मनावर घेतले तर एखाद्या चळवळीला वकिलापेक्षाही त्यांचा उपयोग अधिक होईल. शिवाय मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 नुसार प्रत्येक गावाचे निस्तार पत्रक असते, ज्यात गुरे चारणे, सरपण, गवत यांसाठी कोणती जमीन राखलेली आहे ते लिहिलेले असते. कलम 237 खाली ती जमीन जिल्हाधिकारी राखून ठेवतात. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची नोंद) या दोन्हींच्या प्रमाणित नकला काढून एका जाड फाईलमध्ये लावाव्यात.

नकला सहज मिळाल्या नाहीत, तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाचे शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर 30 दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्जात ‘का’ विचारू नये. ‘या तलावावर अतिक्रमण का होऊ दिले’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नसतो, कारण तो अभिलेख मागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ग्राम अमुक, तहसील अमुक, खसरा क्रमांक अमुक, इस भूमि के मद परिवर्तन संबंधी समस्त आदेशों, नोटशीट तथा पटवारी प्रतिवेदन की प्रमाणित प्रतियाँ प्रदान करें.’ नोटशीट, म्हणजे फाइलमधले अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांचे पान, हा शब्द आठवणीने घालावा. अंतिम आदेशापेक्षा कोणत्या अधिकाऱ्याने कुठे आक्षेप घेतला होता, हे पुष्कळदा तिथेच सापडते. हे अर्ज हिंदीतच द्यावेत, हे सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगतो, कारण आमच्या एका सभासदाने अभिमानाने मराठीत लिहिलेला अर्ज अनुवादाच्या शेऱ्यासह परत आला होता.

जागेची रोजनिशी

कागद सिद्ध करतो की जमीन कोणाची आहे. तिथे काय जगते हे रोजनिशीच सिद्ध करते. एक साधी वही पुरेशी आहे, पण प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, नेमके ठिकाण आणि पाहणाऱ्याचे नाव असावे. छायाचित्र काढताना भ्रमणध्वनीतले स्थान चालू ठेवावे, आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीतून स्थान आणि वेळ यांचा तपशील गळून जातो. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर आणि वनस्पती-कीटकांच्या आयनॅचरलिस्टवर टाकल्या, तर त्या तारखेसह कायम राहतात आणि इतर जाणकारांना तपासता येतात. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आपला तलाव जोडावा. यशवंत सागर हे मध्य भारतातले सारसांचे महत्त्वाचे ठिकाण मानले जाते, ते तिथल्या अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळे.

जमीन कशी बदलत गेली हे दाखवण्यासाठी गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रे फार उपयोगी पडतात. एकाच महिन्याची, उदाहरणार्थ प्रत्येक वर्षीच्या जानेवारीची, चित्रे शेजारी शेजारी लावावीत. ऑक्टोबरचा भरलेला तलाव आणि मे महिन्यातला आटलेला तलाव यांची तुलना केली, तर समोरचा वकील ती पहिल्या मिनिटात उधळून लावेल. तलावाच्या बाबतीत एक मोजमाप स्वतः करून ठेवावे. पाणथळ जागांचे 2017 चे नियम रामसर स्थळे आणि अधिसूचित पाणथळ जागांना लागू आहेत, आणि त्यांत नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांतील सरासरी उच्चतम पाणीपातळीपासून 50 मीटरच्या आत कायम स्वरूपाचे बांधकाम करण्यास मनाई आहे. सप्टेंबरअखेर पाणी जिथवर चढते तिथे दगडावर चुन्याची खूण करावी, तिचे छायाचित्र आणि स्थान घ्यावे आणि दरवर्षी हेच करावे. पुढे टेप कुठून लावायची यावर वाद झाला, तर या खुणा बोलतात. आपला तलाव अधिसूचित नसला तरी निराश होऊ नये, कारण राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातील 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना त्याच तत्त्वांनी संरक्षण द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा आदेश आहे.

खोदकाम किंवा भराव प्रत्यक्ष चालू असताना मात्र डंपर अडवायला जाऊ नये. रात्री तर मुळीच नाही, आणि एकट्याने कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी जाऊन चाकांच्या खुणा, खड्ड्याची लांबी-रुंदी आणि खोली मोजावी. खनिज विभागाला घनमीटरांत काढलेला अंदाज कळतो, संताप कळत नाही.

ज्यांची गुरे तिथे चरतात

शहरातून जाणाऱ्या आपल्यासारख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे ज्यांचा त्या जमिनीवर रोजचा वावर आहे त्यांनाच धोका समजणे. शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथे माळढोकासाठी 1981 मध्ये अभयारण्य झाले, पण त्यात गावांच्या खाजगी जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली आणि नव्वदीच्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. सैलान्याला याउलट, शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि त्याचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची योजना वन विभागाने राबवली. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून विचार करावा.

म्हणून गावात गेल्यावर पहिल्या दोन-तीन भेटींत पक्ष्यांचे नाव काढू नये. गुरे कोणत्या महिन्यात कुठे चरतात, गवत कोण कापते, तलावात मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, विहिरींना पाणी कुठून झिरपते, हे विचारावे. चरनोई गेली तर दूध किती कमी होईल, याचा हिशेब गावातली बाई दोन मिनिटांत मांडते, आणि तो हिशेब आपल्या पक्षियादीपेक्षा पंचायतीत अधिक वजनदार ठरतो. त्यांना पटले तर ग्रामसभेत ठराव त्यांनीच मांडावा; 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सभा ठरलेल्या असतात. ठरावात खसरा क्रमांक, क्षेत्रफळ आणि निस्तार पत्रकाचा उल्लेख असावा आणि कार्यवाही पुस्तिकेतल्या त्या पानाची प्रत त्याच दिवशी घ्यावी. वनपट्ट्यातील गावांना वनाधिकार कायदा, 2006 खाली सामुदायिक वनसंसाधनाचा दावा करता येतो आणि तो मान्य झाला तर जंगल राखण्याचा अधिकारच ग्रामसभेकडे येतो. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमण हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंह निकालही प्रत काढून सरपंचांकडे द्यावा. अनेक सरपंचांना तो ऐकूनही माहीत नसतो, आणि माहीत असलेल्यांपैकी काहींना तो नको असतो.

अर्ज आणि त्याचा पाठलाग

चांगला अर्ज दीड पानाचा असतो. पहिल्या परिच्छेदात जमीन: गाव, तहसील, खसरा, क्षेत्रफळ, मद. दुसऱ्यात काय घडत आहे आणि कोणत्या तारखांना. तिसऱ्यात कोणत्या तरतुदीचा भंग होतो. चौथ्यात मागणी, आणि ती अधिकाऱ्याला आपल्या अधिकारात करता येईल अशी. ‘माळ वाचवा’ ही मागणी नव्हे. ‘सीमांकन करून मुनारे (हद्दीचे खांब) लावावेत, भू-राजस्व संहितेच्या कलम 248 खाली अतिक्रमणाचे प्रकरण नोंदवावे आणि पंचनाम्याची प्रत द्यावी’ ही मागणी झाली, कारण ती पूर्ण झाली की नाही हे पुढच्या भेटीत विचारता येते. सोबत जोडलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा.

जिल्हाधिकारी कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते. तिथे अर्ज द्यावा, आवक क्रमांकासह पावती घ्यावी आणि प्रकरण टीएल (टाइम लिमिट, म्हणजे मुदतीत निकाली काढायच्या प्रकरणांच्या) बैठकीच्या यादीत गेले का, हे आठवड्याने विचारावे. समांतर म्हणून 181 वर सीएम हेल्पलाइनची तक्रार नोंदवता येते. तिची सुनावणी अधिकाऱ्यांच्या एल-1 पासून एल-4 पर्यंतच्या पातळ्यांवर चढत जाते. इथे एक खबरदारी घ्यावी. तक्रार बंद करण्यासाठी खालच्या पातळीवरून गोड आवाजात दूरध्वनी येतात की काम झालेच आहे, आपण फक्त ‘संतुष्ट’ म्हणा. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय संतुष्ट होऊ नये.

वर्तमानपत्रांकडे जायचे ते उत्तर आल्यानंतर किंवा उत्तराची मुदत टळल्यानंतर. आधीच बातमी झाली की अधिकारी सावध होतो आणि नोटशीटची भाषा बदलते. अर्थात हे माझे मत आहे. आमच्यातच काहींना पहिल्या दिवसापासून गाजावाजा हवा असतो आणि एखाद्या प्रकरणात त्यांचेच बरोबर ठरले आहे.

मुदती

काही दारे ठरावीक दिवसच उघडी असतात. शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की आक्षेपांसाठी 30 दिवस मिळतात. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरणीय संवेदनक्षेत्राच्या मसुद्यावर 60 दिवस. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या लोकसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि सुनावणीला जाता आले नाही तरी लेखी आक्षेप पाठवता येतो. सुनावणीत भाषण करण्यापेक्षा तीन नेमके प्रश्न विचारावेत आणि शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते तेव्हा आपला प्रश्न त्यात आला का हे ऐकूनच उठावे. बहुतेक जण तोवर चहाला गेलेले असतात. वनजमिनीच्या प्रस्तावांसाठी केंद्राचे परिवेश संकेतस्थळ महिन्यातून एकदा जिल्ह्याचे नाव घालून पाहावे. प्रस्तावासोबत नकाशाची फाइल असते, ती गूगल अर्थमध्ये उघडता येते आणि रेषा नेमकी कुठून जाते ते दिसते.

पर्यावरणविषयक खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित अधिकरणाचे मध्य क्षेत्राचे पीठ भोपाळला आहे. मूळ अर्जासाठी कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने, आणि परवानगीच्या आदेशाविरुद्ध अपिलासाठी 30 दिवस, अशा मुदती आहेत. पुरेसे कारण असेल तर प्रत्येकी आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाचे शुल्क 1,000 रुपये आहे. वन संरक्षण, जल, वायू, पर्यावरण आणि जैवविविधता हे कायदे अधिकरणाच्या कक्षेत येतात, पण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 येत नाही. त्यामुळे केवळ शिकारीचा किंवा अभयारण्याच्या नियमभंगाचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे जावे लागते. रोजनिशीत पहिल्या भरावाची तारीख लिहून ठेवण्याचे खरे महत्त्व वकील सहा महिने मोजू लागतो तेव्हा कळते.

निकाल आपल्या बाजूने लागला, सीमांकन झाले, मुनारे लागले, तरी फाइल माळ्यावर टाकू नये. आमच्या त्या माळाचे सीमांकन अखेर झाले आणि पुढच्याच पावसाळ्यानंतर सातपैकी दोन मुनारे जागेवर नव्हते. आता दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे-पाच जण सीमांकनाचा नकाशा, टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन जातो, मुनारे मोजतो, नव्या खसऱ्याची प्रत काढून मद तोच आहे का ते पाहतो आणि तहसील कार्यालयात एक पानाचे पत्र देऊन त्याची पावती फाईलला लावतो.